दिमाख आणि शिस्त: फिगर स्केटिंगच्या सरावात दोन्हींची जागा कशी ठरवावी

काही मुले रिंकवर उतरताच सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडे वळतात. हाताची ऐटबाज फेक, मानेचा झोकदार वळसा आणि संगीत सुरू होण्याआधीच चेहऱ्यावर उमटलेला भाव हे सारे त्यांना कोणी शिकवलेले नसते. अशा मुलांना घरी आणि शाळेत ‘नखरे पुरे’ असे वारंवार ऐकावे लागते, आणि मुलगा असेल तर अंमळ जास्तच ऐकावे लागते. प्रशिक्षकांमध्येही दोन तट दिसतात. एका तटाचे म्हणणे असे, की आधी जंप पक्की होऊ द्या, अदाकारीचे नंतर पाहू. दुसऱ्या तटाला वाटते की मुलाचा स्वभाव हेच त्याचे भांडवल आहे, तेव्हा त्याला मोकळे सोडावे. मुंबईत अनेक वर्षे मुलांना शिकवताना मला दोन्ही भूमिका अपुऱ्या वाटत आल्या आहेत. अदाकारी जंपइतकीच सरावाने घडते. म्हणून वेळापत्रकात, कार्यक्रमाच्या रचनेत आणि गुणांच्या हिशेबात तिला पहिल्या वर्षापासून नेमकी जागा दिली पाहिजे. ती जागा कशी ठरवायची, हे स्पर्धेत उतरू पाहणारी मुले, त्यांचे पालक आणि नवे प्रशिक्षक यांच्यासाठी पुढे क्रमाने मांडले आहे.

पहिली पायरी: गुण कशाचे मिळतात ते समजून घ्या

2002 च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकमधील परीक्षणाच्या वादानंतर आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने कमाल 6.0 पैकी गुण देण्याची जुनी पद्धत मोडीत काढली आणि 2004 पासून नवी पद्धत रूढ केली. या पद्धतीत प्रत्येक जंप, स्पिन आणि पदन्यासाला ठरावीक मूळ गुण असतात. त्यावर अंमलबजावणीच्या दर्जानुसार उणे 5 ते अधिक 5 अशी श्रेणी दिली जाते आणि जंपच्या बाबतीत श्रेणीच्या प्रत्येक पायरीला मूळ गुणांच्या 10 टक्के इतके मोल असते. दिमाखदार स्वभावाच्या मुलाला हा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन समजावून द्यावा, कारण उपदेशापेक्षा आकडेमोड त्याला लवकर पटते.

ॲक्सल म्हणजे पुढे तोंड करून झेप घेतलेली जंप. तिच्या ट्रिपल प्रकाराचे, म्हणजे ट्रिपल ॲक्सलचे, मूळ गुण 8.0 आहेत आणि डबल ॲक्सलचे 3.3. ट्रिपल ॲक्सलच्या सगळ्या फिरक्या पूर्ण होऊनही स्केटर पडला, तर श्रेणी उणे 5 म्हणजे 4.0 गुण गेले आणि पडल्याची वेगळी वजावट 1 गुणाची. हाती उरले 3.0. म्हणजे टाळ्यांसाठी मारलेल्या आणि पडलेल्या ट्रिपलपेक्षा नीट उतरलेली साधी डबल अधिक देऊन जाते. शिवाय पडल्यामुळे पुढच्या दहा-पंधरा सेकंदांची लय विसकटते, तो तोटा वेगळाच.

जंपची श्रेणी ठरवताना परीक्षक सहा गोष्टी पाहतात: उंची आणि लांबी, झेप घेण्याची व उतरण्याची सफाई, सहजता, जंपआधीची पावले किंवा अनपेक्षित प्रवेश, हवेतील शरीराची ठेवण आणि संगीताशी मेळ. अधिक 4 किंवा अधिक 5 मिळवायचे असतील, तर यांतील पहिल्या तीन गोष्टी असाव्याच लागतात. कल्पक प्रवेश आणि संगीताशी मेळ या आपल्या मुलाच्या आवडीच्या गोष्टी यादीत जरूर आहेत, परंतु उंची, सफाई आणि सहजता यांच्याशिवाय त्या वरच्या श्रेणीपर्यंत पोहोचवू शकत नाहीत. एखादा मुलगा ‘मला हात उंचावूनच जंप मारायची आहे’ असा हट्ट धरतो, तेव्हा मी त्याच्यापुढे ही यादी ठेवतो आणि पहिल्या तिन्हींवर त्याने स्वतः खूण केल्यावरच चौथ्या गोष्टीकडे वळतो.

गुणांचा दुसरा भाग कार्यक्रमाच्या एकूण दर्जाचा असतो. 2022-23 च्या हंगामापासून रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचे कौशल्य असे तीनच घटक ठेवण्यात आले असून, पुरुषांच्या दीर्घ कार्यक्रमात (स्पर्धेत एक लघु आणि एक दीर्घ असे दोन कार्यक्रम करावे लागतात) या तिन्हींचे मिळून कमाल गुण जवळजवळ 100 होतात. इथे व्यक्तिमत्त्वाला मोठा वाव आहे. अमेरिकेचा जेसन ब्राउन 2022 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये एकही क्वाड, म्हणजे चार फिरक्यांची जंप न मारता सहावा आला, तो नीटस जंप आणि या घटकांतील भरघोस गुणांच्या बळावर. मात्र तीनपैकी एक घटक स्केटिंगच्या कौशल्याचाच आहे, म्हणजे पात्याच्या धारेवरचा ताबा, वेग आणि वळणांची स्वच्छता यांचा; त्यामुळे केवळ चेहऱ्याच्या आणि हातांच्या जोरावर हा भागही जिंकता येत नाही.

नियमपुस्तक दर हंगामाच्या सुरुवातीला नव्याने वाचावे. फ्रान्सच्या सूर्या बोनाली हिने 1998 च्या नागानो ऑलिंपिकमध्ये बॅकफ्लिप, म्हणजे हवेत मागे कोलांटी मारून एका पायावर उतरून दाखवले, तेव्हा ती उडी स्पर्धेत वर्ज्य होती. 2024-25 च्या हंगामापासून या उडीवरील बंदी उठली आहे. एकेरी कार्यक्रमात शब्दांसह गाणे वापरण्याची मुभादेखील 2014-15 पासूनच मिळाली. कालपर्यंत ज्याने गुण कापले जात होते ते आज चालते आणि याच्या उलटही घडू शकते, म्हणून ऐकीव माहितीवर कार्यक्रम बेतू नये.

दुसरी पायरी: मुंबईत सराव कुठे आणि कशावर

मुंबईच्या मुलाचा बहुतेक सराव चाकांवरच होतो, हे आधी मोकळेपणाने मान्य करावे. सोसायटीची फरशी, जिमखान्याचा सिमेंटचा रिंक, शाळेचे सभागृह अशा जागी आर्टिस्टिक रोलर किंवा इनलाइन स्केट्सवर पाया घालायचा आणि सुट्टीत बर्फावरच्या शिबिरासाठी गुरुग्रामला किंवा 2011 च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडूनमध्ये बांधलेल्या हिमाद्री रिंकवर जायचे, हा व्यवहार्य मार्ग आहे. चाकांवरचा खेळ दुय्यम मानण्याचे मुळीच कारण नाही. 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत अनुप कुमार यामा याने आर्टिस्टिक स्केटिंगच्या एकेरीत आणि अवनी पांचाळ हिच्यासह दुहेरीत भारतासाठी कांस्यपदके मिळवली होती. चाकांच्या स्पर्धांतही मूळ गुण, अंमलबजावणीचा दर्जा आणि कलात्मक घटक अशीच विभागणी असते, त्यामुळे या लेखातील मांडणी दोन्हीकडे चालते. आकडे मात्र बर्फावरचे आहेत.

बर्फावर गेल्यानंतर पहिले दोन दिवस जंप आणि अदाकारी दोन्ही बाजूला ठेवून फक्त धारेवरची वळणे करावीत. पात्याची धार चाकांपेक्षा खोल रुतते आणि वरच्या अंगाच्या हालचाली तिला अधिक जाणवतात. चाकांवर खपून जाणारा खांद्याचा झटका बर्फावर थेट पाडतो.

तिसरी पायरी: दिवसाचे आणि आठवड्याचे वेळापत्रक

शाळा, क्लास आणि लोकलचा प्रवास धरता मुंबईतील मुलाला पहाटेचा दीड तास मिळाला तरी पुष्कळ. त्यातील पहिली पंधरा मिनिटे स्केट्स न घालता अंग गरम करणे, दोरीच्या उड्या आणि जमिनीवरच्या फिरक्या यांना द्यावीत. पुढची वीस मिनिटे धार आणि वळणांना. त्यानंतरची तीस मिनिटे जंप आणि स्पिनना, तीही संगीताशिवाय. शेवटच्या पंचवीस मिनिटांत संगीत लावून कार्यक्रमाचे तुकडे घ्यावेत आणि त्यातील अखेरची दहा मिनिटे मुलाला पूर्ण मोकळी द्यावीत. या दहा मिनिटांत त्याने हवे ते गाणे लावावे, हवा तसा अभिनय करावा, कोणाची नक्कल करावी. प्रशिक्षकाने मध्ये बोलू नये, फक्त वहीत टिपत राहावे. कार्यक्रमातील उत्तमोत्तम जागा मला याच दहा मिनिटांत सापडल्या आहेत.

याला जोडून एक नियम काटेकोरपणे पाळावा. जंपच्या तीस मिनिटांत कोणताही अलंकार नको आणि मोकळ्या दहा मिनिटांत कोणतीही नवी जंप नको. दिमाखदार मुलाला पहिला नियम जड जातो, तंत्रात पक्क्या पण बुजऱ्या मुलाला दुसरा. सीमा स्पष्ट असली की रागावण्याचे प्रसंग कमी येतात, कारण ‘आत्ता नको’ याचा अर्थ ‘कधीच नको’ असा नसतो हे मुलाला ठाऊक असते.

आठवड्यातून दोन दिवस स्केट्सला सुट्टी देऊन अंगमेहनत आणि नृत्य यांना द्यावेत. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरासारख्या संस्थांमुळे मल्लखांब आणि जिम्नॅस्टिक्स या शहराला परके नाहीत. पोटाचे आणि पाठीचे स्नायू कसण्यासाठी मल्लखांबाइतके चांगले साधन मला तरी माहीत नाही. नृत्याचा प्रकार मुलाच्या पिंडाप्रमाणे निवडावा. कथकमुळे फिरक्यांची आणि तालाची समज येते, तर लावणीमुळे नजर आणि मान बोलकी होते. बॅले शिकवणारे गुरू मिळाले तर उत्तमच, पण त्यावाचून अडून बसू नये.

जून ते सप्टेंबर हा काळ वेगळा धरावा. ओलसर फरशीवर चाके निसटतात आणि घोटा दुखावला की हंगाम जातो. तेव्हा पावसाळ्यात जमिनीवरचा व्यायाम, संगीताची निवड, कार्यक्रमाची रचना आणि आरशासमोरचा अभिनय यांना वेळ द्यावा. अदाकारीवर सलग काम करण्यासाठी मुंबईचा पावसाळा फार सोयीचा आहे.

चौथी पायरी: अलंकार कुठे ठेवायचा

माझ्याकडे शिकणारा चौदा वर्षांचा एक मुलगा जंपवरून उतरतानाच उजवा हात डोक्यावर नेऊन बोटे पंख्यासारखी उघडत असे. दिसायला ते फार देखणे होते आणि बघायला जमलेली सोसायटीतील मंडळी हमखास टाळ्या वाजवत. पण तिसऱ्या-चौथ्या जंपला त्याची धार घसरायची आणि मागे गेलेला पाय खाली टेकायचा. चित्रफीत संथ गतीने पाहिल्यावर कारण उघड झाले. उतरताना अंगात फिरकीचा उरलेला वेग असतो आणि तो दोन्ही हात बाजूला पसरून, खांदे आणि नितंब एका रेषेत आणून थांबवावा लागतो. हा मुलगा एक हात लगेच वर नेत असल्याने उजवा खांदा उचलला जायचा, वरचे अंग फिरत राहायचे आणि पायावरचा भार सरकायचा.

मी त्याला म्हटले, “हात वर ने, पण तीन म्हटल्यावर. एक-दोन फक्त उतरायचं.” त्यावर तो म्हणाला, “सर, पण तोपर्यंत गाण्यातली जागा निघून जाते.” त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. मग आम्ही जंपच दोन मात्रा आधी आणली, म्हणजे उतरणे रिकाम्या मात्रेवर आले आणि ढोलकीच्या थापेवर हात उघडू लागला. गवई लांबलचक तान घेऊन नेमका समेवर येतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या तोंडून दाद निघते, तसेच इथे घडू लागले. आधी ताबा दिसला आणि त्यानंतर आलेला हात त्या ताब्याची साक्ष वाटू लागला. हात तोच होता, परंतु आता तो जंपच्या सफाईला मारक न राहता संगीताशी मेळ म्हणून मोजला जाण्याजोगा झाला.

यातून मी जी पद्धत बसवली ती अशी आहे. कार्यक्रमाचे सगळे संगीत मात्रांसह कागदावर लिहून काढावे. त्यावर जंप आणि स्पिनच्या जागा लाल पेन्सिलीने, तर अलंकाराच्या जागा निळ्या पेन्सिलीने दाखवाव्यात आणि लाल खुणेच्या दोन मात्रा अलीकडे-पलीकडे निळी खूण येऊ देऊ नये. पुढे तंत्र पक्के झाले की हे अंतर कमी करता येते, पण प्रत्येक वेळी एकाच जागेवर. निळ्या खुणांसाठी सर्वांत चांगल्या जागा म्हणजे सुरुवातीची मुद्रा, पदन्यासाचा प्रारंभ, शेवटच्या जंपनंतरचा वळसा आणि दीर्घ कार्यक्रमातील कोरिओग्राफिक सिक्वेन्स, म्हणजे मुक्तपणे रचलेली हालचालींची मालिका. या शेवटच्या घटकाला काठिण्यपातळी नसते, मूळ गुण ठरावीक 3.0 असतात, आणि मौलिकता व संगीताशी एकरूपता यांवर त्याची श्रेणी वर चढते. आपल्या मुलाचा जो काही खास ठसका असेल, तो सगळा इथे ओतावा.

फ्रान्सच्या फिलिप कँदेलोरोने 1998 मध्ये नागानो येथे ‘थ्री मस्केटियर्स’ कादंबरीतील तलवारबाज द’आर्तान्यांच्या भूमिकेत पदन्यासातच तलवारबाजी रंगवली आणि कांस्यपदक जिंकले. त्याची भूमिका जंपच्या आड आली नाही, कारण तिला वावरायला स्वतःची जागा होती.

पाचवी पायरी: पोशाख

पोशाखाबाबत पालक आणि मूल यांच्यात सर्वाधिक वाद होतात, म्हणून तो लवकर ठरवावा. पोशाखातील टिकली, पीस किंवा मणी रिंकवर पडला तर 1 गुण वजा होतो, शिवाय पुढच्या स्केटरला इजा होण्याचा धोका असतो. त्यामुळे सजावट डिंकाने न चिकटवता दोऱ्याने शिवून घ्यावी आणि प्रत्येक टिकली बोटाने ओढून पाहावी. ताणला जाणारा कपडा मंगळदास मार्केटमध्ये आणि लेस-टिकल्या भुलेश्वरला मिळतात. टेलरमास्तरांना मापे देताना मुलाला दोन्ही हात वर करून, वाकून आणि बैठ्या स्पिनच्या मुद्रेत उभे-बसते करून दाखवावे. मखमल टाळावी, कारण आपल्या दमट हवेत ती घामाने जड होते. पोशाख तयार झाल्यावर तो घालून किमान तीन वेळा पूर्ण कार्यक्रम करावा, म्हणजे बाहीत हात अडकतो का, गळा वर सरकतो का, हे स्पर्धेआधीच कळते.

सहावी पायरी: स्वभावाची शिस्त

अमेरिकेच्या जॉनी वियरचे उदाहरण मुलांना जरूर सांगावे. बाराव्या वर्षी, म्हणजे या खेळाच्या मानाने बऱ्याच उशिरा स्केटिंग सुरू करूनही तो 2004, 2005 आणि 2006 असा सलग तीन वेळा राष्ट्रीय विजेता झाला. भडक पोशाख आणि बेधडक बोलणे यांमुळे तो सतत चर्चेत असे. 2006 च्या ट्युरिन ऑलिंपिकमध्ये लघु कार्यक्रमानंतर तो दुसरा होता, पण अखेर पाचवा आला. बसची वेळ बदललेली न कळल्याने आपली बस चुकली आणि मनाची तयारी विसकटली, असे त्याने नंतर सांगितले. 2007 च्या जागतिक स्पर्धेत तो आठवा आला. त्यानंतर तो कडक शिस्तीच्या गलिना झ्मियेव्हस्काया यांच्याकडे शिकायला गेला आणि 2008 मध्ये जागतिक कांस्यपदक मिळवले. त्याची वेशभूषा, त्याची भाषा, त्याची ऐट यांतले काहीही कमी झाले नाही. बदलली ती सरावाची घडी, आणि आपल्या मुलाकडून मागायची असेल तर तीच मागावी.

वेळेची शिस्त मुंबईत विशेष महत्त्वाची आहे. रविवारी स्पर्धा असेल तर शनिवारी संध्याकाळीच तिन्ही मार्गांवरचा मेगाब्लॉक पाहून घ्यावा आणि अंग गरम करण्याच्या वेळेच्या दीड तास आधी स्थळी पोहोचण्याचा बेत आखावा. बॅग मुलाने स्वतः भरावी: बूट, जादा लेस, पाती किंवा टो-स्टॉप (रोलर स्केटच्या टोकाचा रबरी ब्रेक) घट्ट करायचे साहित्य, सुई-दोरा, टॉवेल.

भावनांचा भडका आणि सादरीकरणातील भाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाला हळुवारपणे दाखवून द्यावे. जंप चुकल्यावर बूट आपटणे, रडत रिंक सोडणे, दुसऱ्याच्या सरावात आडवे जाणे हे कोणालाही चालवून घेऊ नये. चुकल्यावर कडेला येऊन पाणी पिणे, दोन श्वास घेणे आणि तीच जंप एक फिरकी कमी करून पुन्हा मारणे असा ठरावीक क्रम लावून द्यावा. रील बनवायला आठवड्यातून एकच दिवस असावा, तोही मोकळ्या दहा मिनिटांत, कारण कॅमेरा सतत समोर असला की मूल जंप शिकण्याऐवजी सुंदर दिसेल असा एकच क्षण पुन्हा पुन्हा शोधत राहते.

आणि पालकांना एक कळकळीची विनंती आहे. मुलाच्या हावभावांवरून नातेवाईक किंवा शेजारी त्याला ‘बायकी’ म्हणून चिडवत असतील, तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. गप्प राहिलात तर मूल त्या चिडवण्याला तुमची संमती समजते, आणि मग रिंकवर त्याचे खांदे आखडतात. आखडलेल्या खांद्यांनी जंपही होत नाही.

सातवी पायरी: स्पर्धेआधीचे चार आठवडे

पहिल्या आठवड्यात कार्यक्रम तुकड्यातुकड्यांनी, सर्व अलंकारांसह करावा. दुसऱ्या आठवड्यापासून रोज एकदा सलग करावा. वरिष्ठ (सीनियर) गटात लघु कार्यक्रम 2 मिनिटे 40 सेकंदांचा आणि दीर्घ कार्यक्रम 4 मिनिटांचा असतो, दोन्हींत 10 सेकंदांची सवलत असते. लहान गटांत दीर्घ कार्यक्रमाचा वेळ कमी असतो. दम कुठे लागतो ते या आठवड्यात नेमके कळते आणि तिथला अलंकार निर्दयपणे साधा करावा लागतो. तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम अडथळे आणावेत: मधूनच संगीत बंद करणे, पोशाखावर सराव घेणे, बाकीच्या मुलांना प्रेक्षक म्हणून बसवणे. जंप चुकली तर पुढचा कोणता अलंकार गाळून संगीत गाठायचे, हे याच आठवड्यात ठरवून कागदावर लिहावे. ऐन वेळी ते सुचत नाही. चौथ्या आठवड्यात नवे काहीही घालू नये. दिमाखदार मुलाला याच आठवड्यात नव्या कल्पना सुचतात, तेव्हा त्या वहीत लिहून पुढच्या हंगामासाठी राखून ठेवाव्यात.

स्पर्धा झाल्यावर गुणतक्ता घेऊन दोन दिवसांनी मुलासोबत बसावे, त्याच दिवशी बसू नये. लाल-निळ्या खुणांचा कागद आणि गुणतक्ता शेजारी ठेवून, ज्या जंपजवळ निळी खूण होती तिची श्रेणी एकटी असलेल्या जंपपेक्षा वर गेली की खाली, हे मुलाने स्वतः वाचून काढावे. खाली गेली असेल तर ती निळी खूण एक मात्रा दूर सरकवावी आणि पुढची स्पर्धा होईपर्यंत कार्यक्रमात दुसरा कोणताही बदल करू नये, म्हणजे पुढच्या तक्त्यातला फरक नेमका कशामुळे पडला ते कळेल.